आंतरपिकाने कीड घटते, पण कणसं भरतात का?

तिफण:
तृणधान्यात आंतरपीक घेतलं की किडीचा अर्धा बंदोबस्त पेरणीतच होतो, असं माझं ठाम मत आहे. सलग मक्यात खोडकिड्याच्या मादीला शोधाशोध करावी लागत नाही, उतरेल तिथे मकाच. मधे चवळीची तासं आली की ती चुकते. १९७३ मध्ये कीटकांचे अभ्यासक रिचर्ड रूट यांनी हेच मांडलं: एका पिकाची दाटी असेल तिथे त्यावर जगणारी कीड गोळा होते आणि मुक्काम ठोकते. १९९१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ डेव्हिड अँडो यांनी २०९ अभ्यास तपासले. मिश्र पिकात ५२ टक्के जातींच्या किडी कमी आढळल्या.

खळं:
आणि १५ टक्के जातींच्या वाढल्या, तेही त्याच अभ्यासात आहे. घाटेअळीला ज्वारीचं कणीस चालतं आणि तुरीची शेंगही. तिची अंडी फस्त करणारी ट्रायकोग्रामा ही बारीक मित्रमाशी ज्वारीवर भरपूर काम करते, तुरीवर मात्र फारशी फिरकत नाही. मग मित्रकीटक वाढल्याचा तुरीला काय उपयोग? शिवाय तुम्ही अळ्या मोजताय, पोती नाही. मक्याची तासं काढून दुसरं पीक बसवलं तर रोपंच कमी होतात, उरलेल्यांची पाण्यासाठी ओढाताण होते. कीड घटूनही मका कमी भरतो.

तिफण:
तासं काढायला कोण सांगतंय? जोडओळीत, म्हणजे दोन ओळी जवळ आणि मग मोकळा पट्टा असं पेरून, मक्याची रोपसंख्या पूर्ण ठेवता येते. आणि हिशेब दोन्ही पिकांचा करा. एका हेक्टरातलं मिश्र उत्पादन सलग पेरून काढायला सव्वा हेक्टर लागत असेल, तर तोटा कुठे झाला?

पोंगा:
केनियातली 'ढकल-ओढ' पद्धत बघा. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक, कडेने नेपियर गवत. डेस्मोडियमच्या वासाने मादी दूर जाते आणि नेपियरवर अंडी घालते. तिथे बहुतेक अळ्या मरतात. मक्याचं उत्पादन चांगलंच वाढलं.

खळं:
वाढलं, मान्य. पण डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी टारफुला हे परजीवी तणही आटोक्यात येतं, आणि टारफुला तर मक्याचा रस मुळातूनच शोषतो. श्रेय खोडकिड्याला रोखल्याचं की तण गेल्याचं?

तिफण:
हा प्रश्न रास्त आहे. टारफुला नसलेल्या रानातले आकडे वेगळे काढले पाहिजेत. तोवर मी फक्त पोंगेमर, म्हणजे खोडकिड्याने मधला पोंगा वाळणं, कमी झाल्याचा दावा करेन, पोत्यांचा नाही.