मायकोप्लाझ्मात जीन ‘चालू’ होताना दिसत नाही – सल्ला हवा (एम.एस्सी. प्रकल्प, सोलापूर)

चटणीभाकरी: मायकोप्लाझ्मा न्युमोनिया (न्यूमोनिया करणारा जीवाणू) ३७ अंशांवर वाढवून ४३ अंशांवर १५ मिनिटं ठेवायचा आणि डीएनए-के, क्लप-बी (उष्णतेच्या ताणात चालू होणारे जीन) किती चढतात ते आरटी-क्यूपीसीआरने (जीनचा एमआरएनए मोजायची पद्धत) पाहायचं, असा बेत आहे. बीएसएल-२ कॅबिनेट (रोगजंतू सुरक्षितपणे हाताळायचं कपाट) आहे. पण कंट्रोल आणि तापवलेला यांच्यात फरकच येत नाही.

पीपीएलओ: इनक्युबेटर साधा आहे का? तो फक्त तापवतो, गार करत नाही. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, मग ३७ लावून काय होणार? कंट्रोल आधीच भाजलेला. बीओडी इनक्युबेटर (गारही करणारा) घ्या आणि थर्मामीटर हवेत न लटकवता आत पाण्याच्या फ्लास्कमध्ये बुडवून ठेवा. वीज जाऊन आली असेल तर त्या दिवसाचं कल्चर धरू नका. ४३ साठी वॉटर बाथच. हवेत माध्यम तापेपर्यंतच १५ मिनिटं संपतात.
आणि ई. कोलाय या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या जीवाणूचा सिग्मा-३२ (उष्णतेत जीन चालू करणारं प्रथिन) इथे शोधू नका, तो नाहीच. इथे एचआरसीए हे प्रथिन जीन दाबून धरतं. तापलं की ते डीएनएवरून सुटतं.

नारिंगी_फ्लास्क: माध्यमाचा रंगही बघा. फिनॉल रेड (आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य) लालवरून नारिंगीकडे झुकला की थांबा. पिवळं झालं म्हणजे आम्लाचा ताण, तो वेगळाच घोळ. गढूळपणावर जाऊ नका, हा जंतू ओडीला (यंत्राने मोजलेल्या गढूळपणाला) नीट दिसत नाही.
पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटतात, ते सोयीचंच. माध्यम ओता आणि ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए काढायचा द्रव) थेट फ्लास्कमध्ये, २५ चौ. सेंमीला २ मिली. खरवडून सेंट्रिफ्यूज करत बसलात तर तेवढ्यात एमआरएनए विरतो. पेशीभित्तिकाच नाही, मग ती फोडणारं लायसोझाइम कशाला?

चटणीभाकरी: खरवडतच होतो. सीडीएनएला (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) ऑलिगो-डीटी (एमआरएनएच्या ए-शेपटीला चिकटणारा प्रायमर) चालेल ना?

पीपीएलओ: नाही, रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर). आधी डीएनेझ (उरलेला डीएनए कापणारं एन्झाइम), शिवाय आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी हवीच, तिचा सीटी (सिग्नल उगवतो ती सायकल) किमान ७ सायकल उशिरा असावा. १६एस (तुलनेसाठीचा रायबोसोमल आरएनए) फार लवकर उगवतो, त्याच्यासाठी सीडीएनए १०० पट पातळ करा. एका फ्लास्कच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत; तीन फ्लास्क, तीन दिवशी.

चटणीभाकरी: पुढे एचआरसीए ई. कोलायमध्ये बनवायचा विचार आहे.

नारिंगी_फ्लास्क: प्रायमर मागवण्याआधी जीनच्या मधले यूजीए (तीन अक्षरी कोडॉन) मोजा. मायकोप्लाझ्मात तो ट्रिप्टोफॅन, ई. कोलायमध्ये पूर्णविराम, प्रथिन अर्धवट तुटेल. एक-दोन असतील तर यूजीजी (ट्रिप्टोफॅनचाच नेहमीचा कोडॉन) करून घ्या, जास्त असतील तर अख्खा जीन सिंथेसिसला द्या.