हॉर्नबिलला खाण्याचं प्लॅनिंग कसं करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्याहून चौघं डिसेंबरात नागालँडला हॉर्नबिल फेस्टिव्हलला चाललोय, 1 ते 10 डिसेंबर असतो, कोहिमापासून साधारण 12 किमीवर किसामाला. इनर लाइन परमिटचं (तिथं जायला लागणाऱ्या परवान्याचं) बघतोय, प्रश्न खाण्याचा आहे. तिथं प्रत्येक नागा जमातीचं वेगळं मोरुंग, म्हणजे पारंपरिक सामूहिक घर, असतं आणि तिथंच त्यांचं जेवणही मिळतं म्हणे, मला धुरी दिलेलं पोर्क आणि आंबवलेल्या सोयाबीनची अखुनी खायचीच आहे.

मागे इथे पुण्यातच एका खाद्यमहोत्सवात पहिल्याच स्टॉलवर पोटभर मटण-भाकरी हाणली आणि पुढे एक मावशी पुरणाचे मांडे करत होत्या, हातावर रुमालासारखा पसरवून उलट्या खापरावर टाकला की खालून खरपूस वास यायचा, पण पोटात जागाच नाही. अजून हळहळ वाटते.

तर दोन दिवस पुरतील का? चौघांत एकेक प्लेट घेत फिरलं तर चालतं ना, कोणाला वाईट नाही ना वाटत? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, तिला काय मिळेल? तिनेही तिथलंच काहीतरी खावं असं फार वाटतं, नुसत्या दशम्या-चटणीवर नको. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.