गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: काय घ्यावं, कसं आणावं?

घाटवाट: शुक्रवारी म्हापशात आहोत, शनिवारी थिवीहून रेल्वेने पुणे. बाजारातून काय टिकेल?

कुळागर: सकाळी नऊच्या आत पोचा, दुपारी पाला सुकतो. भाजी वाट्यावर मिळते. वाटा उलटून खालचा माल बघा. मयड्याची (जवळच्या मयडे गावची) केळी घ्या, पण ती शिजवायची. हिरवट निवडा, फणी वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि देठाकडून काळी पडतात.

तिरफळ: सुकी मिरची शक्यतो मार्च ते मेमध्ये घ्या. हलवल्यावर बिया खुळखुळल्या पाहिजेत. वाकणारी मिरची ओलसर. डब्यात आठवड्यात बुरशी येते. घरी आल्यावर दोन उन्हं दाखवाच. आमसुलं मऊ, काळपट घ्या. पांढरं मीठ चढलेली नकोत, मिठाचेच पैसे मोजता.

घाटवाट: सुकी मासळी?

कुळागर: बांगडा कडक हवा, पोटाकडे बोट रुतलं तर सोडा. आधी कागद, मग दोन पिशव्या, वर झाकणाचा डबा. नाहीतर अख्खा डबा शिव्या घालेल (रेल्वेचा!).

तिरफळ: आणि सुटे पैसे ठेवा. घासाघीस एका वाट्यावर नको, तीन एकदम घेताना करा.