पुण्याहून डिसेंबरात मिनिआपोलिसला कोण येतंय? (स्लेडच्या इनटेकचे पार्ट)

प्रसाद (सध्या सदाशिव पेठ)

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार. मी मकरसंक्रांतीपर्यंत इथेच आहे.

भोसरीच्या मित्राकडून स्लेडच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या, एअरबॉक्सचं (इंजिन ज्या पेटीतून हवा ओढतं तिचं) नवं झाकण लेझरवर कापून घेतलंय. 2 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, त्याला दोन मोठ्या खिडक्या आणि वर बर्फ अडवणारी बारीक जाळी. सगळं मिळून किलोभरही भरणार नाही. पहिल्या पंधरवड्यात पुण्याहून किंवा मुंबईहून कोणी येत असेल तर कृपया कळवा. चिरंजीव घरी आहेत, ते बसवतील. जुनं झाकण काढायचं, नवं लावायचं, एवढंच काम. तलाव गोठायच्या आत पोचलं तर बरं.

मीनल (एडन प्रेरी)

प्रसाद, मी 9 तारखेला निघतेय. दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. त्यातली एक सासूबाईंनी भाजणी, मेतकूट आणि डिंकाच्या लाडवांनी आधीच भरलीय. किलोभर होईल, पण दोन गोष्टी. पार्सल शिवून देऊ नका, मी स्वतः बघून बॅगेत ठेवणार.  आणि वस्तू नवी कोरी हवी. इंजिनाला लागलेली, पेट्रोलचा वास येणारी कुठलीही वस्तू विमानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही.

विवेक (ड्युलुथ)

प्रसाद, झाकण अवश्य पाठव, पण कार्बोरेटरचं नवं जेट (पेट्रोल सोडणारी भोकाची छोटी पितळी नळी) हातात येईपर्यंत मुलाला ते बसवू देऊ नकोस. हे कळकळीनं सांगतोय.

तुझं इंजिन कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक आहे. जास्त हवा आली म्हणून पेट्रोल वाढवणारा कॉम्प्युटर त्यात नाही. फुल थ्रॉटलला किती पेट्रोल जायचं ते मेन जेटचं भोक ठरवतं. कंपनीनं ते जेट त्या एअरबॉक्सचा अडथळा धरूनच निवडलेलं असतं. तो अडथळा काढलास की मिक्स्चर लीन होणार, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पार्किंगमध्ये फिरवून काही कळणार नाही, उलट पिकअप सुधारल्यासारखा वाटेल. खरा घात गोठलेल्या तलावावर होतो. तिथे मैल-दीड मैल कोणी थ्रॉटल सोडत नाही, आणि लीन झालेलं इंजिन तेवढ्यात पिस्टनला भोक पाडतं.

त्यात थंडीची भर. पुण्यात 30 अंश आणि इथे उणे 25 धरले तर त्याच दाबाची हवा इथे 22 टक्के जड भरते. म्हणून भोसरीत बाकावर कितीही मोजमाप केलं तरी जेटचा नंबर इथे येऊनच ठरवावा लागणार. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये जेटचा नंबर मोठा म्हणजे पेट्रोल जास्त. आधी मुद्दाम मोठं जेट टाकायचं आणि एकेक पायरी खाली यायचं. उलट दिशेनं कधीच नाही.

आणखी एक. फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) हवेच्या व्हेंट नळ्या कुठे जातात ते मुलाला बघायला सांग. काही मॉडेलमध्ये त्या एअरबॉक्सलाच जोडलेल्या असतात, म्हणजे बॉक्समधला दाब बदलला की बाऊलमधलाही बदलतो. त्या मोकळ्या सोडल्या तर हे गणित मोडतं, आणि मग जेट कितीही बदलली तरी मेळ बसत नाही.

नाना (कोथरूड)

परत येऊन इतकी वर्षं झाली तरी या यादीवरून नाव काढलेलं नाही, म्हणून लिहितो.

विवेकचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी रीड बघा, म्हणजे हवा एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पातळ पाकळ्यांची झडप. टू-स्ट्रोकचा श्वास तिथून चालतो. कार्बोरेटर काढला की रीडचा पिंजरा हातात येतो. तो उजेडासमोर धरायचा. पाकळी आणि बैठक यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, किंवा पाकळीचा कोपरा चिरलेला असला, तर घेतलेली हवा कार्बोरेटरकडे उलटी फुंकली जाते. अशा इंजिनाला झाकणात कितीही मोठी खिडकी पाडा, ते सुरूही धड होणार नाही. पाकळ्या बदलायला फार खर्च नाही आणि फरक पहिल्याच किकला कळतो.

माझ्या पुतण्याकडे आरएक्स 100 होती. त्याच्या मेकॅनिकनं एअर फिल्टर काढून टाकला आणि जेट तेच ठेवलं. कर्वे रोडवर गाडी सुसाट पळायची. दिवे घाटात भर उन्हात चढताना मधल्या वळणावर पिस्टन सीझ झाला. मागचं चाक जाम, पाठीमागे सासवडचा ट्रक. पोरगं वाचलं. सिलिंडर उघडला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे आणि अ‍ॅल्युमिनियम वितळून चिकटलेलं होतं. तेव्हापासून हा विषय निघाला की मी गप्प बसत नाही.

प्लग वाचायचा तर नीट वाचा. फुल थ्रॉटलला असतानाच किल स्विच दाबायचा, मग प्लग काढायचा. हळूहळू वेग कमी करत थांबलात तर प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो आणि सगळा अंदाज चुकतो. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथाही बघा. ट्रान्सफर पोर्टांच्या (सिलिंडरमध्ये मिक्स्चर येणाऱ्या भोकांच्या) बाजूला काजळी धुतलेले स्वच्छ पट्टे दिसले पाहिजेत. पट्टे नसतील तर पेट्रोल कमी पडतंय.

इथे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना त्यापायी सारखं ट्यूनिंग करावं लागतंय.

सतीश (रॉचेस्टर)

नाना, इथेनॉलबद्दल. स्वतःचा ऑक्सिजन त्याच्यातच असतो, त्यामुळे तेच जेट ठेवलं तरी मिक्स्चर आपोआप लीन होतं. आपल्याकडे मिनेसोटात साध्या पंपावर 10 टक्के इथेनॉल असतं, पण स्नोमोबाइलसाठी नॉन-ऑक्सी, म्हणजे इथेनॉल नसलेलं, पेट्रोल घ्यायला परवानगी आहे. मी तेच भरतो. प्रसादनंही तेच भरावं आणि जेट त्याच पेट्रोलवर ठरवावं. अधूनमधून पंप बदलला तर सगळी मेहनत वाया.

पुण्यात जुन्या लोकांनी काय करायचं हा वेगळा धागा होऊ शकेल. माझ्या भावाच्या स्कूटरच्या रबरी नळ्या फुगल्यात.

शोभाताई (हिवाळी सहल)

स्लेडची चर्चा सुरू आहेच तर सहलीपुरतं लिहिते. फेब्रुवारीच्या सहलीला इनटेकमध्ये बदल केलेली स्लेड आणणाऱ्यांनी मला आधी कळवायचं. एअरबॉक्स हवा देण्याइतकाच आवाज दाबायलाही असतो. झाकण मोकळं केलं की तो ढोलासारखा आवाज थेट बाहेर येतो. आपण जातो तो ट्रेल बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांच्या जमिनीतून जातो आणि त्यांच्या परवानगीवर टिकून आहे. एखाद्यानं तक्रार केली तर पट्टा बंद होतो, मग तो सगळ्यांसाठीच.  भाड्याच्या स्लेडला तर कोणीच हात लावायचा नाही.

विवेक (ड्युलुथ)

शोभाताई, आवाजाचा मुद्दा मान्य, पण आवाज करणारे मुख्यतः सायलेन्सर बदलणारे असतात. माझ्या स्लेडचा आवाज मोजून घ्या हवं तर.

सतीश (रॉचेस्टर)

2006 च्या मॉडेलपासून ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे) उत्सर्जनाचे नियम लागू झाले. प्रसादची त्याआधीची आहे. नवी असती तर प्रमाणित इंजिनात असा बदल करणं कायद्यात बसलं नसतं. बाकीच्यांनी हे बघून मगच अशा झाकणाची ऑर्डर द्या. काल दोघांनी मला खासगीत विचारलं.

प्रसाद (सध्या सदाशिव पेठ)

सगळ्यांचं वाचलं. मुलाला सांगितलंय, मी फोनवर असल्याशिवाय काही उघडायचं नाही. व्हेंट नळ्या एअरबॉक्सलाच जोडलेल्या आहेत, त्यानं फोटो पाठवला. तशाच ठेवू. शोभाताई, माझं नाव लिहून ठेवा. सहलीत जुनंच झाकण लावून येईन.

मला मुळात हवंय ते गार हवा. आता बॉक्स हुडच्या आतली हवा ओढतो, आणि तिथे एक्झॉस्ट पाइपची धग असते. खिडक्या हुडच्या जाळीसमोर येतील अशाच कापल्यात. नाना, उद्या संध्याकाळी झाकण घेऊन तुमच्याकडे येऊ का? जाळीची वीण जरा जास्तच बारीक वाटतेय.

नाना (कोथरूड)

ये. जाळी आणच. ओल्या बर्फाचा थर तिच्यावर बसला की हवा अडते आणि कार्बोरेटरवाली गाडी एकदम रिच होऊन (पेट्रोल जास्त, हवा कमी) घुसमटते. फोम मात्र लावू नकोस, भिजला की त्याचा दगड होतो. तुझा विचार बरोबर आहे. 10 अंशांनी गार हवा मिळाली तरी ती साडेतीन-चार टक्के जड असते, आणि तेवढं इंजिनाला जाणवतं. जेट बरोबर असेल तर.

विवेक (ड्युलुथ)

आणि क्लच बरोबर असेल तर. खरंच ताकद वाढली तर इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या वर पळेल, आणि मग स्लेड पुढे कमी आणि कानाला जास्त जाईल. पुढच्या क्लचमधली वजनं थोडी वाढवून फेऱ्या परत जागेवर आणाव्या लागतात. माझ्याकडे तीन मापांची वजनं आहेत. जेटचा डबाही आहे. शनिवारी मुलाला घेऊन ये म्हणणार होतो, पण तू तिकडे, तर त्यालाच पाठव. सोबत जुने प्लग आण म्हणावं, फेकू नकोस.

मीनल (एडन प्रेरी)

एवढं सगळं वाचून एकच विचारते. जाळी बदलणार असाल तर पार्सल मला कधी मिळणार? रविवार, 7 तारखेपर्यंत डेक्कनला आईकडे पोचवा. त्यानंतर बॅग बंद.