सर्व सामने हरूनही संघ लीगमध्ये कसा राहतो?

प्रश्न : विश्रामबागकर, सांगली

माझा भाचा नोकरीनिमित्त डेट्रॉईटला असतो आणि त्याच्यामुळे मीही अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या वाचू लागलो आहे. तेथील लायन्स संघाने २००८ च्या हंगामात सोळाच्या सोळा सामने गमावले. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. अमेरिकेत मात्र तळाच्या संघाला पुढील वर्षी महाविद्यालयीन खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करण्याचा मान मिळतो. मग ही नुरा कुस्तीच नव्हे काय?

उत्तर : मिरजकर

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये, बत्तीस संघ कायमचे ठरलेले असून दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न त्यांच्यात समान वाटले जाते, त्यामुळे हरणाऱ्या संघाचे दुकान बंद पडत नाही. निवडीचा उलटा क्रम दुबळ्या संघाला वर आणण्यासाठी आहे. आपल्या आयपीएलच्या लिलावात तळाच्या संघाला अशी कोणतीही सवलत नसते. परंतु पहिली निवड म्हणजे हमखास यश नव्हे. लायन्सनी २००९ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड हा उत्तम क्वार्टरबॅक (चाली चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) घेतला, तरी त्याच्या बारा हंगामांत त्यांना बाद फेरीतील एकही सामना जिंकता आला नाही. तो विजय जानेवारी २०२४ मध्ये मिळाला, आणि तोही २४-२३ असा, स्टॅफर्ड ज्या रॅम्स संघाकडे गेला होता त्याच संघाविरुद्ध!

उत्तर : तासगावचा वाचक

मारुती माने यांच्या जिल्ह्यातील माणसाला नुरा कुस्तीची शंका येणे स्वाभाविक आहे, पण मुद्दाम हरण्यात खेळाडूचा लाभ कोणता? पुढच्या वर्षी येणारा नवा खेळाडू कदाचित त्याचीच जागा घेईल. प्रशिक्षक रॉड मरिनेली यांना हंगाम संपताच काढून टाकण्यात आले, आणि व्यवस्थापक मॅट मिलन यांना तर त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, घरी पाठवले होते. माझ्या मते खरा दोष मिलन यांच्या अनेक वर्षांच्या चुकीच्या निवडींचा होता.

त्या हंगामातील व्हायकिंग्ज या संघाविरुद्धचा सामना पाहावा. क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्स्की प्रतिस्पर्ध्याला चुकवताना स्वतःच्याच टोकाच्या पट्ट्यातील मागची रेषा ओलांडून गेला आणि ते ध्यानात न आल्याने तसाच धावत राहिला. त्यामुळे व्हायकिंग्जना दोन गुण मिळाले आणि लायन्स १२-१० असे, म्हणजे नेमक्या दोनच गुणांनी हरले. असे कोणी ठरवून करत नाही. गंमत म्हणजे हंगामापूर्वीचे चारही सराव सामने याच लायन्सनी जिंकले होते.

उत्तर : विट्याहून

हरण्याचा मोबदलाही नेहमी मिळतोच असे नाही. कॅरोलिना पँथर्सनी २०२३ मध्ये ब्राइस यंगला घेता यावे म्हणून शिकागो बेअर्सकडून त्या वर्षीच्या पहिल्या निवडीचा हक्क मिळवला आणि बदल्यात डी. जे. मूर हा खेळाडू व इतर काही निवडींबरोबर २०२४ मधील आपली पहिल्या फेरीची निवडही देऊन टाकली. त्या हंगामात सतरापैकी केवळ दोन सामने जिंकून ते तळाला गेले, अकराव्या सामन्यानंतर प्रशिक्षक फ्रँक राइक यांना काढले गेले आणि अखेरच्या दोन सामन्यांत संघाला एकही गुण करता आला नाही. पँथर्सच्या तळाच्या क्रमांकामुळे मिळालेल्या २०२४ च्या पहिल्या निवडीवर शिकागोने केलेब विल्यम्सला घेतले.