मदत हवी आहे: आई-बाबा ऐन जानेवारीत फिनलंडला, बहिणीच्या बाळंतपणाला

मोगरा_पार्ले:

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा फिनलंडमध्ये औलूला असतात. हेलसिंकीपासून उत्तरेला सुमारे ६०० किलोमीटर, बोथनियाच्या आखाताच्या काठी. जानेवारीअखेर तिची तारीख आहे, म्हणून आई-बाबा संक्रांत करून निघतील आणि एप्रिलपर्यंत तिथे राहतील.

आम्ही पार्लेकर. आईच्या लेखी थंडी म्हणजे माथेरान, आणि मुंबईत पारा सोळावर आला की बाबांची कानटोपी माळ्यावरून खाली येते. १९६२च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते. बाबा तेव्हा शाळेत होते आणि तो गारठा अजून रंगवून सांगतात. औलूत एवढं तापमान मे महिन्यात असतं. जानेवारीत उणे दहा-पंधरा नेहमीचंच, कधी उणे पंचवीस, आणि तरी शाळा भरतात, मुलं सायकलवरून जातात.

कपड्यांचं आम्ही बघून घेऊ. माझी खरी अडचण वेगळी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बहिणीने सहज शेजारची बाल्कनी दाखवली. बाल्कनीत बाबागाडी, हुडावर बर्फाची भुकटी, आत चार महिन्यांचं बाळ गाढ झोपलेलं, दिसत होता फक्त नाकाचा शेंडा. आई ताडकन उठून उभी राहिली. "अगं, पोर निळं पडेल! त्याच्या आईला हाक मार आधी!" बहीण शांतपणे म्हणाली, इथे सगळ्यांची बाळं अशीच झोपतात, आपलंही झोपेल. त्या दिवसापासून आईचं कशातच लक्ष नाही. "तान्ह्याला बर्फात ठेवणार असाल तर मी येऊन करू काय?" हे दिवसातून कितीदा तरी ऐकते आहे. बहीण तिकडे रडवेली होते.

दोघीही बाळाच्या भल्याचंच बघताहेत, म्हणून मला फार वाईट वाटतं. तिथे राहिलेल्या कोणी आईला पटेल असं सांगाल का? शिवाय कोवळं ऊन, धुरी, शेक, तेल या सगळ्याचं तिथे काय करायचं? बाबांचा रोजचा फेरा चुकला की त्यांचे गुडघे धरतात, त्यांनी कुठे चालायचं? जे सुचेल ते लिहा. मी आईला वाचून दाखवणार आहे.

बोथनियाकाठी:

मोगरा, माझी दोन्ही मुलं औलूतच झाली आणि दोघंही बाल्कनीत झोपली. आईंना आधी ते बाळ कसं बांधलेलं असतं ते सांगा. अंगाला लोकरीचे कपडे, वर जाड गुबगुबीत अंगरखा, मग सगळं बाळ एका ऊबदार पिशवीत, ती पिशवी बाबागाडीत, आणि दांड्याला बेबी मॉनिटर अडकवलेला. आई खिडकीच्या आतून बघत असते. मधूनमधून मानेमागे बोट घालून बघायचं. गाल गार लागले तरी चालतात, मान ऊबदार हवी. आणि मर्यादा असते. पहिले दोन आठवडे बाळाला बाहेर काढतच नाहीत. आमच्या नर्सने तान्ह्यासाठी उणे दहाची रेघ आखून दिली होती, पारा त्याखाली गेला की बाळ घरात.

ही पद्धत सरसकट रुजली ती तिथले बालरोगतज्ज्ञ आर्व्हो युल्पो यांच्यामुळे. शंभर वर्षांपूर्वी फिनलंडमध्ये तान्ही मुलं खूप दगावत. युल्पोंनी मोकळ्या हवेचा, स्वच्छतेचा आणि गावोगावच्या बाल-दवाखान्यांचा आग्रह धरला. त्या दवाखान्यांना नेऊवोला म्हणतात, तुमची बहीण पहिल्या महिन्यांपासून तिथेच जात असणार. आज बालमृत्यू सर्वांत कमी असलेल्या देशांत फिनलंड आहे. आणि आईंना हेही सांगा की युल्पो स्वतः १०४ वर्षं जगले, १८८७ ते १९९२.

बहिणीला बाळाच्या सामानाचा सरकारी खोका आला का? १९३८पासून देतात, आधी फक्त गरीब आयांना, १९४९पासून सगळ्यांना. नको असेल तर त्याऐवजी १७० युरो मिळतात, पण पहिलटकरणी बहुतेक खोकाच घेतात. बाळाचा बर्फातला पोशाख, झोपायची पिशवी, टोप्या, मोजे असं सगळं त्यात असतं, आणि तळाशी गादी, म्हणजे खोकाच बाळाचा पहिला पलंग. कॉलवर तो खोका एकदा उघडून आईंना एकेक वस्तू दाखवायला सांगा. माझ्या सासूबाई तो पोशाख हातात घेऊन बघितल्यावर निवल्या.

मोगरा_पार्ले:

खूप खूप आभार! खोका आला आहे, रविवारी दाखवायला सांगते. १०४ वर्षं ऐकून आईने "बरं" म्हटलं. आमच्याकडे हे मोठं पाऊल आहे.

मुलुंडची_आजी:

मोगरा, तुझ्या आईच्या वयाचीच मी. लेकीच्या बाळंतपणाला फेब्रुवारीत फिनलंडमधल्याच ताम्पेरेला गेले होते. तुझ्या आईची घालमेल मला कळते गं. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे नीट वाचून दाखव.

बाळंतिणीला आपण ऊबेत ठेवतो, शेक देतो. ती माणसं याबाबतीत आपल्या फार जवळची आहेत. पूर्वी तिथल्या बायका सौनातच, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीतच, बाळंत व्हायच्या. घरातली सगळ्यांत उबदार, सगळ्यांत स्वच्छ जागा तीच, गरम पाणी हाताशी, आणि बाळाची पहिली आंघोळही तिथेच. माझ्या जावयाची आजी सौनात जन्मलेली. तिने मला हाताला धरून ती जुनी लाकडी खोली दाखवली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मी पोटाशी गरम पिशवी धरल्याची खूण केली आणि तिने जोरजोरात मान हलवली. त्या दिवसापासून मला त्या घरात परकं वाटलं नाही.

आता कामाचं. धुरी देऊ नका. तिथे प्रत्येक घरात धुराचा अलार्म कायद्याने लागतो आणि ओव्याच्या धुराला तो लगेच कोकलतो. आमच्याकडे मिरचीच्या फोडणीलाही वाजला होता. फोडणी करताना वरचा पंखा पूर्ण लावायचा. शेकाला शेगडी नको, रबरी पिशवी पुरते, नाहीतरी घरात एकवीस-बावीस अंश ऊब असतेच. खोबरेल तेल मात्र त्या तापमानाला थिजतं, म्हणून मालिशीआधी बाटली गरम पाण्यात ठेवायची.

कोवळ्या उन्हाचं मनातून काढून टाका. सूर्य येतो, पण क्षितिजाला धरूनच सरकतो आणि मावळतो. बाळाला दोन आठवड्यांपासून ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, तेच त्याचं ऊन. थेंब किती ते नर्स सांगते. आणि मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला तो बाधू शकतो, हे आपल्याकडचे डॉक्टरही सांगतात.

डिंकाच्या लाडवांचं सामान नक्की न्या, पण तूप, खवा, पेढे बॅगेत नकोत. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. डिंक, खारीक, सुकं खोबरं, सुंठ न्या आणि तूप तिथे कढवा. लोणी फार सुरेख मिळतं, फक्त बिनमिठाचं बघून घ्यायचं, नेहमीचं खारं असतं. दही लावायचं तर ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत ठेवायचं. सकाळी सुरी लागेल असं घट्ट होतं.

एडमंटनकर:

मी फिनलंडचा नाही, कॅनडातल्या थंडीतला आहे, पण काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. घरातली हवा फार कोरडी होते. गालिच्यावरून चालून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, आणि आपली माणसं पहिल्यांदा वीज गळतीच समजतात. काकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते स्विचबोर्ड उघडून बसतील. नाकाची आतली कातडी कोरडी पडून थोडं रक्त येऊ शकतं, झोपताना नाकपुडीला आतून तेलाचं बोट लावायचं. चष्मा असेल तर बाहेरून आत आल्या आल्या काच पांढरी होते, दारातच थांबून पुसायचा. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा, बाहेर काढला की चाळीस टक्के बॅटरीही एकदम शून्यावर येते.

बुटांचं लक्षात ठेवा. दोन जोड मोजे घालून बूट घट्ट बसला तर पाय जास्त गार पडतात, बोटं आत हलली पाहिजेत. बूट तिथेच घ्या, एक नंबर मोठे. मुंबईतून फक्त लोकरीचे अंगालगतचे कपडे न्या, सुती बनियन घामाने ओला होऊन गारठवतो.

मोगरा_पार्ले:

काका खरंच स्विचबोर्ड उघडतील! बाबा विजेच्या कामातच निवृत्त झाले. त्यांचा एक प्रश्न: औलूत बिल्डिंगखाली प्रत्येक गाडीसमोर खांब आहे आणि गाडीची वायर त्याला जोडलेली दिसते. साध्या पेट्रोलच्या गाडीला वीज कशाला? आणि चालायचं काय, ते राहिलंच.

बोथनियाकाठी:

त्या वायरीला इंजिन गरम करायचा हीटर जोडलेला असतो. गारठ्यात इंजिनातलं तेल घट्ट होतं आणि बॅटरी मरगळते, म्हणून निघायच्या आधी तास-दोन तास इंजिन कोमट करून घेतात. खांबावर टायमर असतो, रात्री झोपताना लावायचा. जावईबापूंना सांगून ते काम बाबांकडे द्या, माझ्या सासऱ्यांनी अख्खा हिवाळा मोठ्या आनंदाने सांभाळलं.

चालायला जागाच जागा. औलूत सायकलचे आणि पायी जायचे रस्ते बर्फातही साफ ठेवतात. हिवाळी सायकल चालवणाऱ्यांची पहिली जागतिक परिषद २०१३मध्ये औलूतच भरली होती. रस्त्यावर बारीक खडी टाकतात, तरी बुटाखाली लावायची खिळ्यांची पट्टी घ्याच. कोटाला चमकणारा बिल्ला टांगायचा, अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावावा असं तिथला कायदाच सांगतो. जानेवारीच्या मध्यावर दिवस सुमारे पाच तासांचाच असतो, त्यामुळे अंधार जवळजवळ नेहमीचाच. बाबांनी साडेअकरा ते एक अशी वेळ धरावी. मार्चपासून मात्र ऊन, निळं आकाश आणि बर्फ तिन्ही एकदम मिळतात. वर्षातले ते सगळ्यांत सुंदर दिवस.

आणि त्यांना नाल्लिकारीच्या किनाऱ्यावर न्या. समुद्र गोठलेला असतो, त्यावरून माणसं चालतात, कुत्री फिरवतात, सायकली नेतात. आखलेल्या वाटेवरूनच जायचं, ती सोडायची नाही. गिरगाव आणि जुहू पाहिलेल्या माणसाला समुद्रावर उभं राहिल्यावर काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही, मला अजूनही येत नाही.

गुडघ्यांसाठी पोटकुरी, म्हणजे बर्फावर पायाने ढकलायची घसरगाडी, विचारा. पुढे छोटी बैठक, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, एक पाय पट्टीवर आणि दुसऱ्याने ढकलत जायचं. ऐंशीच्या आज्या पोटकुरीवर दुधाच्या पिशव्या ठेवून दुकानातून घरी येतात. बाबांनी ती आधी नुसती आधाराला धरून चालावी, मग हळूहळू सराव होतो.

मुलुंडची_आजी:

दोन गोष्टी तुझ्या आईला खूप आवडतील. संडासात हातात धरायची फवारणी असते, जवळजवळ प्रत्येक घरात. आणि ओट्याच्या वरचं कपाट बिनतळाचं, आत तारेच्या जाळ्या. धुतलेली भांडी तिथेच पालथी घालून दार लावायचं, पाणी सिंकमध्ये निथळतं. मी लेकीला म्हटलं, असं मुलुंडच्या घरी करून दे.

शेजारी बोलत नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नये. जिन्यात कोणी असेल तर ते जाईपर्यंत आतच थांबतात, समोरच्याला अवघडवायचं नाही म्हणून. तुझ्या आईने मात्र तिळाची वडी घेऊन दार वाजवावं. मी वाजवलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला भाजलेल्या पावाची पिशवी अडकवलेली होती.

मोगरा_पार्ले:

रविवारचा कॉल झाला. बहिणीने खोका उघडला, आईने बर्फाच्या पोशाखाची शिवण कॅमेऱ्याजवळ धरायला लावली, अस्तर विचारलं, चेन किती लांब ते विचारलं. मग म्हणाली, "मानेला हात मी लावून बघणार, दर दहा मिनिटांनी." बहिणीने लगेच कबूल केलं. दोघी हसल्या, मला केवढं बरं वाटलं!

आता आईने जुन्या नऊवारीची कुंची शिवायला घेतली आहे, बारशासाठी. ते तिथेच करायचं ठरलं आहे. तिचा प्रश्न: कुंची टोपीच्या आत की वर, आणि माप किती? आणि तोवर नाव सांगायचं नाही, तर तिथले शेजारी विचारून भंडावतील का?

बोथनियाकाठी:

अजिबात नाही. फिनलंडमध्येही नाव समारंभापर्यंत गुपितच ठेवायची रीत आहे, नोंदणीला तीन महिने मिळतात. त्यामुळे नाव का सांगत नाही, हे शेजाऱ्यांना आपसूक कळतं.

कुंची घरात नुसती घालावी. बाहेर नेताना लोकरीची टोपी आत आणि कुंची वर, म्हणजे घेर नेहमीपेक्षा चार बोटं सैल ठेवा. गळ्याशी बंद नकोत, बाबागाडीत झोपवताना कुंची काढून ठेवायची. आणि मागचा झोल आखूड शिवा, नाहीतर पोशाखाच्या चेनमध्ये अडकतो.