झाड मेलं की कुजतं, मग कोळसा होतोच कसा?

निवांत:
बेसिक डाउट आहे, हसू नका. पुस्तकात एवढंच असतं की झाडं गाडली गेली, दाब पडला, कोट्यवधी वर्षांनी कोळसा झाला. पण झाड पडलं की बुरशी नि वाळवी लागून काही वर्षांत त्याचा भुगा होतो, मग गाडायला उरतं काय? आज एखादा ओंडका खोल पुरला तर होईल का कोळसा?

दगडधोंडे:
साध्या जंगलाचा नाहीच होत, दलदल लागते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, त्यात पाणी आम्लधर्मी, त्यामुळे कुजणं अर्ध्यावरच थांबतं आणि थरावर थर साचत जातात, तेच पीट. वेग वर्षाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे १० मीटर पीटला १०,००० वर्षं, आणि ते दबून कोळसा निघणार जेमतेम मीटर-दोन मीटर! एवढा काळ जमीन खचत राहायला हवी पण बेताने, भराभर खचली तर झाडंच बुडतात, खचलीच नाही तर पीट उघडं पडून कुजून जातं. मला विचाराल तर खरी गंमत या बॅलन्सची आहे, दाबाचं नंतर बघू.

उनाडपाखरू:
दाबापेक्षा उष्णता जास्त काम करते. दर किलोमीटर खोलीला तापमान २५-३० अंशांनी वाढतं, मग पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन निघून जातात आणि मागे कार्बन उरतो. पीटचं लिग्नाइट (कच्चा, तपकिरी कोळसा), त्याचं बिटुमिनस (नेहमीचा काळा कोळसा), शेवटी अँथ्रासाइट (सगळ्यात कडक, कार्बन सगळ्यात जास्त). म्हणून जुना तेवढा चांगला असं काही नाही, मॉस्कोच्या आसपासचा कोळसा ३० कोटी वर्षांहून जुना असून अजून लिग्नाइटच आहे कारण तो खोल गेलाच नाही. ओंडक्याचं म्हणाल तर होऊ शकतो, वाळूच्या खडकात असे कोळसा झालेले सुटे ओंडके सापडतात, फक्त अख्खा थर नाही मिळणार. आणि तेवढं थांबायला वेळ पाहिजे :)

निवांत:
भारी! पण कोट्यवधी वर्षांपूर्वी हा कोळसा बनत होता तेव्हा लाकूड कुजवणारी बुरशीच नव्हती म्हणून एवढा कोळसा झाला, असंही वाचलंय?

दगडधोंडे:
फेमस थिअरी आहे पण २०१६ च्या एका अभ्यासाने तिला बराच धक्का दिलाय. कार्बनिफेरस काळातली (साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची) लेपिडोडेंड्रॉनसारखी झाडं ३० मीटर उंच वाढायची खरी, पण खोडात लाकूड कमी आणि सालच जास्त, त्यामुळे लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) कुजलं नाही म्हणून कोळसा झाला हे नीट जुळत नाही. शिवाय बुरशी आल्यावरही, अगदी डायनासोर संपल्यानंतरसुद्धा, भरपूर कोळसा तयार झालाय. दमट हवामान आणि त्याच वेळी खंड एकमेकांवर आदळून खचत गेलेली खोरी, हा योग जास्त पटतो.